कवच कुठे उघडावे?



डॉ. कमलाबाई सोहोनी यांच्या स्मरणार्थ बोलायचे, तर विषय अन्नाचाच हवा. कमलाबाई आपल्याच मध्य प्रदेशातल्या. 1911 साली इंदूरला भागवतांच्या घरी जन्मल्या, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनासाठी अर्ज केला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना नकार दिला. त्या तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या आणि 1933 साली प्रवेश घेऊनच उठल्या. पुढे केंब्रिजला जाऊन 1939 साली पीएच.डी. झाल्या. ही हकीकत बऱ्याच जणांना ठाऊक असते, पण बहुतेक वेळा कमलाबाईंची ओळख तिथेच संपते. त्यांनी आयुष्यभर प्रयोगशाळेत कोणता प्रश्न धरून ठेवला, हे फारसे कुणी सांगत नाही. मला आज तो प्रश्न पुढे न्यायचा आहे.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना त्यांनी आपल्या कडधान्यांवर काम केले. डाळींत प्रथिने भरपूर असतात हे सर्वांना माहीत होते. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाहिले ते डाळींतले ट्रिप्सिन-रोधक. ट्रिप्सिन म्हणजे आतड्यात प्रथिने तोडणारा पाचकरस. त्यालाच अडवणारे पदार्थ कच्च्या कडधान्यात असतात. म्हणजे प्रथिन डाळीत आहे, डाळ पोटात आहे, आणि तरी प्रथिन अंगी लागत नाही. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला, तेव्हाही प्रश्न तोच होता. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आहेत, ठीक. पण ती आटवून काकवी केली, गूळ केला, तर त्यांतले काय उरते? आणि ते कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायकांना दिले, तर त्यांच्या प्रकृतीत फरक पडतो का? कोष्टकात लिहिलेला आकडा आणि शरीराला मिळालेला वाटा यांच्यातली वाट त्या तपासत होत्या.

ही वाट किती खडतर आहे, हे समजायला जबलपूरजवळच्या आपल्या सिहोऱ्याइतके योग्य गाव सापडणार नाही. आपल्या तालुक्याच्या, गोसलपूरच्या जमिनीत लोहखनिज आहे. तांबड्या धुळीने इथले रस्ते रंगतात. आणि 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची 67 टक्के मुले रक्तक्षयाची निघाली. लोह पायाखाली असून उपयोग नाही, कारण ते हेमॅटाइटच्या रूपात आहे, म्हणजे लोहाचे ऑक्साइड. ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे आतड्यात विरघळलेले नाही ते रक्तात शिरत नाही. लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि तिथे पोचताना ते विरघळलेल्या, योग्य रूपात असावे लागते. धातू तोच, पण रूप आणि ठिकाण चुकले की व्यर्थ.

आता जीवनसत्त्वांचा प्रवास पाहू. कारखान्यातून निघालेले अ जीवनसत्त्व उजेडाने मरते, हवेतल्या ऑक्सिजनने मरते. क जीवनसत्त्व उष्णतेने जाते, आणि लोहाचा किंवा तांब्याचा अंश जवळ असेल तर आणखी लवकर जाते. फोलिक आम्ल उजेडाला भिते. समजा, हे सगळे गोदामातला उन्हाळा, स्वयंपाकघरातली वाफ आणि कढईतले तेल यांतून वाचले. पुढे जठर आहे. रिकाम्या जठराचा सामू (पीएच) दीड ते तीनच्या आसपास असतो, म्हणजे लिंबाच्या रसासारखी आंबट जागा. जेवण पडले की तो चार-पाचपर्यंत चढतो. दोन ते चार तासांनी अन्न लहान आतड्यात उतरते, तिथे सामू सहाच्या घरात, आणि आतड्याच्या शेवटाकडे सातच्या वर. प्रत्येक जीवनसत्त्वाची उतरण्याची जागा ठरलेली आहे. फोलिक आम्ल आतड्याच्या वरच्या भागात शोषले जाते. अ, ड, ई, के ही स्निग्ध जीवनसत्त्वे पित्ताच्या मदतीने, ताटातल्या तेला-तुपाबरोबर शोषली जातात; अन्नात स्निग्धांश नसेल तर ती तशीच पुढे जातात. ब-12 ला जठरातून निघालेले एक खास प्रथिन सोबतीला लागते आणि त्याची जागा लहान आतड्याच्या अगदी शेवटी आहे.

म्हणून जीवनसत्त्वाला कवच घालण्याची कल्पना निघाली. आपण ज्यांना सूक्ष्मकवच म्हणतो ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून एका मिलिमीटरपर्यंतच्या आकाराचे कण. आत गाभा, म्हणजे जीवनसत्त्व. बाहेर भिंत, म्हणजे डिंक, स्टार्च, जिलेटिन, मेण, स्निग्ध पदार्थ किंवा एखादे प्रथिन. या विद्येचा पहिला मोठा व्यापारी उपयोग अन्नात झालेलाच नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेत नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिन आणि अरबी डिंकाच्या भिंतीत शाईचे थेंब कोंडले आणि कार्बनशिवाय प्रत काढणारा कागद केला. पेन दाबले की थेंब फुटायचा. त्या कागदाचे काम भिंत दाबाने फुटण्याने भागत होते. अन्नातल्या भिंतीला दाताखाली फुटायचे नाही, जठरात विरघळायचे नाही, आणि आतड्यात मात्र न चुकता उघडायचे आहे.

असे कवच करण्याची सगळ्यांत प्रचलित रीत म्हणजे स्प्रे ड्रायिंग. डिंकाच्या पाण्यात जीवनसत्त्वाचे तेल घुसळून दुधासारखे मिश्रण करायचे आणि तापलेल्या हवेच्या उंच टाकीत त्याचा बारीक फवारा सोडायचा. हवा 160 ते 180 अंशांची असते. ऐकणाऱ्याला वाटते, एवढ्या उष्णतेत जीवनसत्त्व टिकेल कसे? थेंबातले पाणी उडते तेव्हा ते उष्णता घेऊन जाते, त्यामुळे ओला थेंब आतून तेवढा तापत नाही. काही सेकंदांत बाहेर डिंकाची साय धरते, पाणी निघून जाते, आणि खाली कोरडी पूड पडते. दूध-पावडर करतात ती हीच रीत.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, प्रा. रेखा सिंघल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2005 च्या सुमारास वेलदोड्याच्या अर्कावर केलेले काम मला नेहमी आठवते. मसाल्याच्या अर्काची गत जीवनसत्त्वासारखीच: हवा लागली की सुगंध जातो. त्यांनी अरबी डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन आणि बदललेला स्टार्च यांच्या भिंती पारखल्या. एकेकटा पाहिला तर अरबी डिंक सरस ठरला. पण सहा भागांत चार भाग डिंक आणि बाकीचे दोन एकेक भाग घेतले, तर मिश्रण एकट्या डिंकापेक्षाही चांगले टिकले. अरबी डिंक मुख्यतः सुदानमधून येतो, महाग पडतो, आणि 2023 च्या एप्रिलपासून तिथे यादवी पेटलेली आहे. ज्या भिंतीवर गरिबाच्या अन्नाची भिस्त ठेवायची तिचा डिंक कुठून येतो, हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा मानून चालत नाही.

कवच खरोखर कधी लागते, याचे माझ्या मते सगळ्यांत चांगले उदाहरण लोह आणि क जीवनसत्त्वाचे आहे. आतड्यात क जीवनसत्त्व लोहाला मोठी मदत करते. ते फेरिक लोहाला फेरस करते आणि विरघळलेले ठेवते. पालकावर लिंबू पिळायचे ते याचसाठी. पण हीच दोघे एका पाकिटात महिनोन्‌महिने शेजारी ठेवली, तर लोह क जीवनसत्त्वाचा नाश करते. म्हणजे पाकिटात वेगळी राहायला हवीत आणि आतड्यात एकत्र यायला हवीत. हे काम भिंतच करू शकते. लोह आणि आयोडीन एका मिठात घालतानाही हीच अडचण आली. लोहामुळे आयोडीन निसटून जाते, मिठाचा रंग बिघडतो, आणि रंग बदललेले मीठ कुठलीही गृहिणी घरात ठेवणार नाही. टोरांटो विद्यापीठात लेव्हेंते दिओशादी यांच्या गटाने लोहाच्या कणांवर कवच चढवून, ते मिठाच्या दाण्यासारखे पांढरे करून ही अडचण सोडवली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दुसरी वाट घेतली. कवच न घालता एका फॉस्फेटच्या मदतीने दोघांना एका मिठात नांदवले. दोन्ही मिठे आपल्या देशात वापरात आली.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. या क्षेत्रात काम करणारे आम्ही लोक भिंत किती टिकली यावर खूश होतो. सहा महिन्यांनी पुडीत 90 टक्के जीवनसत्त्व शिल्लक, असा तक्ता निघाला की टाळ्या पडतात. पण जे कवच गोदामात टिकले, जठरात टिकले आणि लहान आतड्यातही टिकून राहिले, त्यातले जीवनसत्त्व शौचावाटे बाहेर गेले. वाया गेलेल्या जीवनसत्त्वात आणि अतिसुरक्षित जीवनसत्त्वात खाणाऱ्याच्या दृष्टीने काही फरक नाही. लोहाला स्निग्ध पदार्थाचे फार जाड कवच घातले, तर शोषण घटते हे अभ्यासांत दिसलेले आहे. कवच पातळ केले, तर रंग आणि चव बिघडते. या ओढाताणीतून मधली जागा शोधणे हेच या विद्येतले खरे काम आहे, आणि त्याची कसोटी बाटलीत होत नाही, माणसाच्या रक्तात होते.

तुमच्या-आमच्या घरापर्यंत आलेले उदाहरण रेशनच्या तांदळाचे. 15 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितले की सरकारी योजनांतला सगळा तांदूळ पोषणयुक्त असेल. त्याआधीच्या पथदर्शी योजनेत निवडक राज्यांतला एकेक जिल्हा घेतला होता. महाराष्ट्राचा गडचिरोली, आपल्या मध्य प्रदेशाचा सिंगरौली. करतात असे: तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल आणि ब-12 मिसळायचे, कणीक मळायची, उष्णतेने आणि दाबाने यंत्रातून काढून तांदळाच्या आकाराचे दाणे कापायचे, वाळवायचे, आणि शंभर भाग साध्या तांदळात एक भाग मिसळायचे. एका किलोत लोह 28 ते 42.5 मिलिग्रॅम असावे, असा नियम आहे. दाण्याचे पीठच इथे कवच झाले. नुसती पूड तांदळावर भुरभुरली असती, तर दोनतीन पाण्यांनी धुताना मोरीत गेली असती.

पण हा दाणा तळहातावर घेऊन पाहा. रंग किंचित वेगळा, कडा गोलसर, काही वेळा पाण्यावर तरंगतो. घरातली बाई तांदूळ निवडते ती खडे आणि वेगळे दाणे काढण्यासाठीच. प्लास्टिकचा तांदूळ आला, अशी बोलवा गावोगाव उठली त्याचे कारण हे. नेमका ज्या दाण्यात औषध, तोच सुपाबाहेर. शिवाय भात वेळून पेज ओतून दिली तर पाण्यात उतरणारी जीवनसत्त्वे तिच्याबरोबर जातात. आणि लोह इथे फेरिक पायरोफॉस्फेटच्या रूपात असते, कारण ते रंग बदलत नाही, चव बदलत नाही. त्याची किंमत ही की ते फेरस सल्फेटपेक्षा कमी शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. या सगळ्या गोष्टी रेशनच्या दुकानावर, अंगणवाडीत सांगायला हव्यात, आणि बाईंना सांगायला हव्यात त्याआधी भाऊसाहेबांना, कारण रांगेत पिशवी घेऊन बरेचदा तेच असतात. थॅलेसेमियाच्या रुग्णाने वरून मिळणाऱ्या लोहाबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, हेही सांगायला हवे. योजना 2024 साली 2028 च्या अखेरपर्यंत मंजूर झाली होती. तेवढ्या काळात किती तांदूळ वाटला याबरोबर किती जणींचे हिमोग्लोबिन वाढले, ते मोजले जावे अशी माझी मागणी आहे.

तांदळाचा विषय निघालाच आहे, तर कोकणातला उकडा तांदूळ सांगायला हवा. भात सालीसकट भिजवून वाफवला की सालीलगतचे ब-1 जीवनसत्त्व दाण्याच्या आत सरकते. मग गिरणीत कोंडा काढला तरी बरेचसे आत उरते. जावामध्ये डच डॉक्टर आयकमन यांनी 1890 च्या दशकात सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांत, ब-1 च्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरीसारखा आजार पाहिला, आणि आपल्याकडे आंध्रच्या किनारी कच्चा सडीक तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी होता, तर उकडा खाणाऱ्यांत तो फारसा नव्हता. दाण्यालाच कवच करण्याची ही रीत आपल्याकडे कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहे.

नियंत्रित सुटण्याबद्दलही थोडे बोलतो, कारण औषधांच्या दुकानात हा शब्द आता फार चालतो. क जीवनसत्त्व एकदम मोठ्या मात्रेत घेतले, तर आतड्यातली वाहून नेणारी यंत्रणा भरून जाते. एका ग्रॅमच्या वर निम्म्याहून कमी शोषले जाते आणि जादा शोषलेले लघवीतून जाते. ते सावकाश सुटण्यात अर्थ आहे. अ जीवनसत्त्वाची गोष्ट उलटी. ते यकृत साठवून ठेवते आणि लागेल तसे रक्तात सोडते. म्हणून 1970 पासून आपल्या देशात लहान मुलांना त्याचे मोठे डोस सहा-सहा महिन्यांच्या अंतराने देता येतात. नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग पाच वर्षांपर्यंत दोन-दोन लाख, एकूण नऊ मात्रा. तिथे यकृतच नियंत्रण करते. आणि नियासिनच्या बाबतीत तर सावकाश सुटणे घातक ठरले. कोलेस्टेरॉलसाठी मोठ्या मात्रेत दिलेल्या अशा गोळ्यांनी काही रुग्णांच्या यकृताला इजा झाली. पाकिटावर ‘सावकाश सुटणारे’ लिहिलेले दिसले की जास्त पैसे मोजण्याआधी आतले जीवनसत्त्व कोणते ते पाहावे.

आता टेबलावरच्या या दोन ग्लासांकडे पाहा. दोन्हींत काल संध्याकाळी मी चपडा लाखेचे सारखे तुकडे टाकले. पहिल्यात लिंबाचा रस आहे. तुकडे तसेच आहेत, काठावरची धारही शाबूत आहे. दुसऱ्यात गरम पाण्यात विरघळवलेला टाकणखार होता, आणि ग्लास मी कोमट ठेवला होता. तुकडे दिसत नाहीत, पाणी तांबूस झाले आहे. आंबटात लाख टिकते, अल्कधर्मी पाण्यात विरघळते. औषधाच्या गोळ्यांवर, जठर ओलांडून आतड्यात उघडण्यासाठी, लाखेचा लेप देतात तो याच गुणामुळे. खाद्यपदार्थांत तिला ई-904 असा क्रमांक आहे. मिठाईच्या गोळ्यांवरची चकाकी बरेचदा तिचीच असते.

ही लाख आपल्या पळसावर, बोरीवर आणि कुसुमावर होते. लाखेचे प्रकार दोन: रंगीनीची बैसाखी आणि कतकी ही दोन पिके, कुसुमीची अगहनी आणि जेठवी. जबलपूर, सिवनी, बालाघाटच्या पट्ट्यात ती घेतली जाते, आणि पलीकडे गोंदियाच्या बाजारात लाखेचा व्यापार जुना आहे. शेतकरी काड्या खरवडून कच्ची लाख विकतो. ती धुऊन चौरी आणि वितळवून चपडा करणे, त्याहून पुढे औषधी दर्जाची लाख करणे, यातली वाढीव किंमत त्याच्यापर्यंत येत नाही. धावड्याचा डिंकही आपल्याच जंगलातला. तेल पाण्यात धरून ठेवण्यात तो अरबी डिंकाच्या तोडीचा मानला जातो, आणि तोही इथून कच्चाच जातो.

मात्र लाखेचे कौतुक करताना तिचे दोष लपवून चालणार नाही. प्रत्येक हंगामाची, प्रत्येक झाडाची लाख थोडी वेगळी निघते. साठवणीत ती हळूहळू घट्ट बांधली जाते आणि मग नीट विरघळत नाही. औषध कंपन्या कृत्रिम बहुवारिकांकडे वळल्या त्या या कारणाने. ती कीटकाची असल्याने काही घरांत चालणार नाही, जसे जिलेटिनचे कवच असलेले जीवनसत्त्व शाकाहारी घरात चालत नाही. पुडीवर ते स्पष्ट छापले पाहिजे. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे लाख पुरती उघडते ती सामू सातच्या आसपास, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटाकडे. मोठ्या आतड्यापर्यंत जिवंत पोचवायच्या उपयोगी जिवाणूंसाठी ते उत्तम. लोहासाठी मात्र फार उशीर झालेला असतो, त्याची जागा मागे पडलेली असते.

यावर इलाज आहेत. लाखेचा अमोनियम क्षार केला, किंवा तिच्यात पाण्यात विरघळणारा डिंक मिसळला, तर ती लवकर उघडते. त्या मिश्रणात धावड्याचा डिंक किती घालावा, म्हणजे जठरात कण दोन तास टिकेल आणि सामू सहाला अर्ध्या तासात सुटेल, हे काम करायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. जबलपूरला 1964 पासून कृषी विद्यापीठ आहे. मराठवाड्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांच्या नावाचे पशुवैद्यक विद्यापीठ 2009 पासून आहे, आणि गाई-म्हशींच्या खुराकात पहिल्या पोटातल्या जिवाणूंना चकवून पुढे उघडणारे कवच हा पशुआहारातला रोजचा विषय आहे. बैसाखीची लाख आणि कतकीची लाख वेगवेगळी घेऊन, दोन्हींचे कण एका वर्षाच्या साठवणीनंतर पुन्हा तपासून, त्यांतला जो कण सामू सहाला उघडेल त्यात लोह आणि क जीवनसत्त्व घालून, ते इथल्या शाळेच्या दुपारच्या जेवणात, पालकांच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे, आणि सहा महिन्यांनी मुलांचे रक्त तपासावे. असे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला या टेबलावरचा चपडा आणि माझ्याकडची टिपणे आजच देतो. कार्यक्रमानंतर मी इथेच थांबणार आहे.